सात खुर्च्या आणि एक कात्री

प्रिय ठिणगे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आज रविवार. मधले दिवस मी ते पर्समध्ये घालून ऑफिसला नेलं आणि तसंच परत आणलं. दीड पानाचं तर पत्र, आणि विचारलेलं त्यात एकच: "ताई, निकाल कधी? दिवस नको सांगूस, महिना सांग." हे फोनवरही सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू "बरं बरं, ठीक आहे गं" म्हणतेस, मागे धारेचं चाक फिरत असतं, आणि मग मीही "बरं" म्हणून ठेवून देते. गेलं जवळजवळ वर्षभर आपण दोघी या "बरं"वर दिवस काढतो आहोत. म्हणून आज लिहायला बसले. वॉशिंग मशीन लावलं होतं, ते थांबेपर्यंत पत्र होईल असा हिशेब होता. ते थांबून अर्धा तास झाला आणि मी अजून इथंच आहे.

आधी इकडचं सांगते. गुडघा आता जिना चढताना बोलत नाही, उतरताना बोलतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कुत्रं आणलंय. ते पोस्टमनवर भुंकत नाही, माझ्यावर भुंकतं. ऑफिसात आमच्या विभागात बावीस माणसं होती, आता चार उरलो. बाकीच्यांना दुसऱ्या खात्यांत हलवलं, कारण आमच्याकडे काम नाही. अर्थात काम नाही असं म्हणायचं नसतं, "कामकाज तूर्त स्थगित" असं म्हणायचं. पण मांजरीला वाघाची मावशी म्हटलं म्हणून ती डरकाळी फोडत नाही.

मी इथं नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, आणि बाबा लोकांना सांगायचे ते मी कधी खोडलं नाही. "थोरली जगाच्या कोर्टात आहे," असं ते धार लावायला आलेल्या प्रत्येक शिंप्याला सांगायचे. कोर्ट वगैरे काही नाही गं. देशादेशांनी मिळून व्यापाराचे नियम केले आणि भांडणं मिटवायला ही संस्था काढली. एखाद्या देशानं नियम मोडला असं दुसऱ्याला वाटलं, तर तो इथं तक्रार घेऊन येतो. तीन पंच दोघांचं ऐकतात आणि निवाडा देतात. तो ज्याला पटत नाही त्यानं साठ दिवसांत अपील करायचं. अपील ऐकायला सात जणांचं पीठ. सातांपैकी तीन जण एक प्रकरण घेतात आणि ते म्हणतील ते शेवटचं. तर त्या अपिलाचे कागद ज्या टेबलावर येतात, ते टेबल माझं. कागद मोजायचे, पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा आणि फाइल पीठापुढे ठेवायची. बावीस वर्षं मी हेच केलं. आणि बावीस वर्षं पाकिटांच्या फिती कापल्या त्या आपल्या घरच्या कात्रीनं. ती कुठली कात्री, हे तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण या पत्रात मला सगळंच सांगायचं आहे.

तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस. मी इथं यायला निघाले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. बाबांच्या कात्र्यांच्या कारखान्यात पाती जुळवणाऱ्या जुळारीकाकांनी तुला पहिल्यांदा एकटीनं एक जोडी जुळवायला दिली होती. शिंप्याची मोठी कात्री, क्रमांक ४१७. काका आधी महिनाभर तुला नुसतं बघायला बसवत होते. दोन पाती सपाट नसतात, दोन्हींना किंचित बाक असतो. ती एका वेळी एकाच बिंदूत टेकतात आणि कात्री मिटताना तो बिंदू मुळापासून टोकापर्यंत सरकत जातो. म्हणून एकाचं पातं दुसऱ्याला चालत नाही. म्हणून दोघांवर आतल्या अंगाला एकच आकडा ठोकायचा. काका डोळे मिटून कात्री मिटवायचे आणि कानानं ऐकायचे. मध्ये आवाज अडकला की म्हणायचे, "भांडतायत. परत घे." त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि तू चाकावर पातं जरा जास्त दाबलंस. ते तापून निळं पडलं. निळं पडलेलं पातं म्हणजे गेलं, त्याला धार राहत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी दारात उभी होते. तू भंगाराच्या टोपलीतून दुसरं एक पातं काढलंस, त्याच्यावरचा आकडा घासून टाकलास आणि हातोडी घेऊन त्याच्यावर ४१७ ठोकलंस. मी दिसले तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता की मी पाणी प्यायला आल्यासारखं केलं आणि माठाकडे वळले.

संध्याकाळी काकांनी ती कात्री मिटवून ऐकली. तीनदा ऐकली. ओल्या कापडावर चालवून बघितली आणि म्हणाले, "शेवटच्या बोटभर जागेत चावत नाही. का गं?" तेव्हा मी म्हटलं, "काका, ही मला द्या. मला ऑफिसात फितीच कापायच्यात, टोक कशाला लागतंय?" काकांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि कात्री माझ्या हातात दिली. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. तेव्हापासून ती माझ्या टेबलावर आहे. दोन्ही पात्यांवर आकडा एकच, पण जोडी नाही. मी फिती नेहमी मुळाजवळच्या धारेनं कापते.

आता मोठ्या घराकडे येते. आपल्या घरात त्या देशाला कोणी नावानं हाक मारली नाही. बाबांनी पहिली ऑर्डर मिळवली तेव्हापासून "मोठं घर"च. मोठ्या घरची ऑर्डर आली, मोठ्या घरी माल गेला, मोठ्या घरच्यांनी खोक्यांचा रंग बदलायला सांगितलाय. आणि ऑर्डर उशिरा आली की लगेच, "बडा घर, पोकळ वासा." तुला गंमत वाटेल, पण ही आमची संस्था उभी राहावी म्हणून सगळ्यात जास्त धडपड मोठ्या घरानंच केली होती. नियमांचे पहिले खर्डे त्यांच्या वकिलांच्या हातचे. मी नवी होते तेव्हा सगळ्यात जाड फायली त्यांच्या असायच्या. दुसऱ्यांनी नियम मोडले की कान धरून आणायला तेच पुढे. त्यांनी खटले जिंकले, हरले, आणि हरले तरी कुरकुर करत का होईना, पाळले. मी त्या काळात या कामावर प्रेम केलं, हे तुला कबूल करते. एवढंसं बेट असलेला देश येतो, मोठ्या घरासमोर बसतो आणि दोघांना पाण्याचे पेले सारख्याच मापाचे ठेवतात. मला ते पेले फार आवडायचे.

मग त्यांचं पीठाशी बिनसलं. अगदीच खोटं नव्हतं त्यांचं म्हणणं. ठरलेल्या दिवसांत निकाल द्यायचा तर पीठ जास्त दिवस घ्यायचं. विचारलंय त्यापेक्षा जास्त लिहायचं. शेजारणीकडे मीठ मागायला जावं आणि तिनं आमटी कशी करायची ते शिकवावं, तसं. राग येतो, मान्य. पण म्हणून कोणी शेजारणीचं दार विटा रचून बंद करत नाही. पीठातल्या माणसाची मुदत संपली की त्या जागी नवा माणूस सगळ्या देशांनी एकमतानं नेमायचा, असा नियम आहे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. एकानं नाही म्हटलं की झालं. मोठं घर नाही म्हणायला लागलं. एकाची मुदत संपली, खुर्ची रिकामी. दुसऱ्याची संपली. पीठातल्या शेवटच्या बाईंची मुदत संपली त्या दिवशी आम्ही त्यांना फुलं दिली. त्यांनी आपला चहाचा कप धुऊन पुसून कपाटात ठेवला आणि दिवा बंद करून गेल्या. त्याला बरीच वर्षं झाली. आजही दर महिन्याला बैठक होते. शंभरावर देशांच्या वतीनं एक जण उठून म्हणतो, नेमणुका करा. मोठ्या घरचे वकीलसाहेब उठून म्हणतात, "आम्ही या प्रस्तावाला पाठिंबा देण्याच्या स्थितीत नाही." मी वृत्तांत लिहिते. खरं तर लिहीत नाही, मागच्या महिन्याचा काढून तारीख बदलते. सुनावणीच्या दालनात सात खुर्च्यांवर पांढरी कव्हरं आहेत. झाडलोट करणाऱ्या मावशी दर सोमवारी मला विचारतात, "बाई, साहेबलोक यायचे असतील तर कव्हरं काढून धुते. नसतील तर उगाच साबण कशाला?" मी म्हणते, "राहू द्या या आठवड्यात." त्या म्हणतात, "तुमचा आठवडा लई लांबला."

हे सगळं चाललेलं असताना तिकडे मोठ्या घरानं तुझ्या मालावर जादा शुल्क लावलं. कात्र्या, सुऱ्या, पकडी, हातोड्या, बाहेरून येणाऱ्या सगळ्या हत्यारांवर. शंभराच्या मालावर पस्तीस जास्त. कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं. तू मला फोनवर जुळारीकाकांचं वाक्य सांगितलंस ते मी इथं चारचौघांत सांगू शकले नाही, पण आठवून आठवून हसले: "आपल्या शिंप्याच्या कात्रीला एवढं सैन्य भ्यालं, तर तलवारी केल्या असत्या तर काय झालं असतं!" मग निम्म्या ऑर्डरी गेल्या. अठरा माणसांची अकरा झाली. आपल्या सरकारनं तक्रार केली, पंच बसले, अडीच वर्षं चाललं. त्या अडीच वर्षांत मी तुला एक अक्षर सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, माझ्याकडे येत नाही ते. आणि ते खरं होतं.

निवाडा जाहीर व्हायच्या आधी त्याची प्रत दोन्ही बाजूंना गुपचूप जाते. माणसं कमी झाल्यामुळे पाकिटं बंद करायचं काम त्या महिन्यात माझ्याकडे आलं. मी वाचायला नको होतं. मी शेवटचं पान वाचलं. शुल्क नियमाविरुद्ध आहे, मागे घ्यावं. दोन ओळी. मी दार बंद केलं, खुर्चीत बसले, आणि रडले नाही, पण चष्मा पुसला. त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. मोठ्या घरच्या व्यापाऱ्यानं तुला सुचवलं होतं की तयार कात्री पाठवू नका, नुसती कच्ची पाती ठोकून पाठवा. त्यांच्यावर शुल्क कमी आहे. घासणं, जुळवणं आमच्याकडे होईल, आणि दोन वर्षांसाठी तुम्ही स्वतः या, आमच्या लोकांना शिकवा. काकांनी त्यावर काय म्हटलं ते तू सांगितलंस: "म्हणजे नवरा एका गाडीनं पाठवायचा, नवरी दुसऱ्या गाडीनं, आणि लग्न ते लावणार. कोण कुणाची, ओळखणार कसं?" तू हसलीस, पण हसून झाल्यावर म्हणालीस, "तरी ताई, सात माणसं टिकतील. चौघांनाच घरी बसवावं लागेल. काय करू?" आणि मी, बावीस वर्षं तोंड शिवून बसलेली मी, म्हटलं, "वंगण घालून ठेव."

बाबांचं वाक्य. मोठी ऑर्डर येणार असली की ते सकाळी कारखान्यात शिरता शिरता एवढंच म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं. तुलाही कळलं. तू व्यापाऱ्याला नकार कळवलास, पोलाद मागवलंस आणि अकराच्या अकरा माणसं ठेवलीस. दोन महिन्यांनी निवाडा जाहीर झाला तेव्हा तू मला नुसत्या धारेच्या चाकाचा आवाज ऐकवलास, बोललीच नाहीस. मला वाटलं, माझ्या सगळ्या नोकरीतलं हे एक चांगलं काम.

आता तू म्हणशील, ताई, तुला तर ठाऊक होतं की खुर्च्या रिकाम्या आहेत. होतं. पण मी म्हटलं, कात्री ती काय! किरकोळ वस्तू. मोठं घर विमानांसाठी भांडेल, पोलादासाठी भांडेल, कात्रीसाठी कोण अपील करतो? दिवस मोजले. पंचावन्न झाले, सत्तावन्न झाले. एकोणसाठाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वकीलसाहेब स्वतः पाकीट घेऊन आले.

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या गुडघ्याची चौकशी करतात आणि उत्तर ऐकून घेतात. त्या दिवशीही केली. पाकिटाला फीत होती. मी शिक्का शोधत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या ट्रेमधली कात्री उचलली आणि मदत म्हणून स्वतःच फीत कापायला लागले. टोकानं. ती कापेना. त्यांनी कात्री उलटसुलट केली, पात्यावर अंगठा आडवा फिरवला, आपले काका फिरवतात अगदी तसा, आणि म्हणाले, "हिची जोडी चुकलीय." पुढे म्हणाले, त्यांच्या गावात पण कात्र्या व्हायच्या. आजोबा धार लावायचे. बाहेरून स्वस्त माल यायला लागला तसे एकेक कारखाने बंद झाले. आता तिथं गाड्या लावायची जागा आहे. मग विचारलं, "कुठली आहे ही?" मी म्हटलं, "घरची." त्यांनी मान हलवली, मुळाजवळच्या धारेनं फीत कापली आणि कात्री परत ट्रेमध्ये ठेवली, मूठ माझ्याकडे करून. मी कागद मोजले. एकशे बारा पानं. शिक्का मारला, क्रमांक दिला, पोच दिली. ते गेल्यावर मी फाइल घेऊन दालनात गेले, सवयीनं. पीठापुढे ठेवायची म्हणून. मावशी पुसत होत्या. मी ती मधल्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवली आणि परत उचलून आणली. ती आता माझ्या मागच्या कपाटात आहे, तिसऱ्या कप्प्यात, तिच्यासारख्या आणखी फायलींबरोबर.

नियम असा आहे, ठिणगे: अपील चालू आहे तोवर खालचा निवाडा लागू होत नाही. आणि अपील ऐकायला कोणी नाही, म्हणून अपील संपत नाही. आपण जिंकलो आहोत, आणि तसेच राहणार आहोत, जिंकलेले, कपाटात. उद्या मोठ्या घराचं मन बदललं तर सगळं बदलेल. लोक येतात, जातात, तिकडची सरकारंही बदलतात. मी ती आशा धरून आहे, माझी नोकरीच ती आहे. पण ती आशा मी धरायची. तू तिच्यावर पोलाद मागवायचं नाही.

हे मला त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं होतं. त्याला आता अकरा महिने झाले. दर वेळी तू विचारलंस, आणि मी म्हटलं, "अपिलात आहे, वेळ लागतो." शब्द न् शब्द खरा. आकडा अगदी बरोबर ठोकलेला. तू मात्र माझ्या त्या खऱ्या शब्दांवर दोन यंत्रं चालू ठेवलीस, काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचंही काम अंगावर घेतलंस. मागच्या महिन्यात म्हणालीस की बोटांना रात्री मुंग्या येतात, तेव्हाही मी "जरा विश्रांती घे" म्हटलं. खरं सांगायला मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मी तुला आधी नको ते सांगितलं आणि मग हवं ते सांगितलं नाही.

शुक्रवारी आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले. निवाड्याचं शेवटचं पान वाचलं आणि घरी सूचना दिली, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. निर्णय होईपर्यंत रजेवर आहे. पुढचं पुढे. तू हे जिवाला लावून घेऊ नकोस, बावीस वर्षांची नोकरी आहे, उपाशी मरणार नाही. उलट उद्या सोमवार आणि मावशींना "राहू द्या" म्हणायला मी नसेन, याचंच जरा चुकल्यासारखं होतंय.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. महिना नाही. हा नाही, पुढचा नाही, सांगता येईल असा कुठलाच नाही. त्या व्यापाऱ्यानं पुन्हा विचारलंय आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, असं तू शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंयस. बाबांकडे नापास झालेला पेपर सहीला देताना लिहायचीस तसं. जा किंवा जाऊ नको, हे मी सांगणार नाही. सल्ला देण्याचा माझा हक्क मी वापरून संपवला आहे. फक्त माहिती देते, आणि ती छापील पुस्तकातली आहे, कोणालाही वाचता येते. पाती घासून, भोक पाडून, जोडी लावून नुसती खिळ्याविना पाठवलीस, तर सीमाशुल्कवाले ती कात्रीच धरतात. शुल्क तेवढंच लागेल. कच्चीच पाठवायची तर खरोखर कच्ची हवीत, आणि तसं ते मानतील असं त्यांच्या सीमाशुल्क खात्याकडून व्यापाऱ्यानं आधी लेखी आणायला हवं. ते हातात पडल्याशिवाय एक पातंही पाठवू नकोस. आणि तू गेलीस तर ज्या चौघांना घरी बसवावं लागेल, त्यांना तू स्वतः सांग, लवकर सांग. मी केलं तसं करू नकोस.

हे पत्र साध्या पाकिटातून न पाठवता पार्सलमधून पाठवते आहे, कारण बरोबर ४१७ आहे. रजेवर निघताना टेबल आवरलं तेव्हा माझं स्वतःचं असं तिथं तेवढंच निघालं. काल पोस्टात गेले तर खिडकीतल्या मुलीनं परदेशी पार्सलचा अर्ज पुढे केला, "बाई, सगळे रकाने भरायचे हं." इतकी वर्षं असल्या अर्जांवरची भांडणं मी क्रमांक लावून ठेवली, आणि स्वतः भरायला घेतला तर हात थांबला. वस्तू: कात्री, वापरलेली, नग एक. कुठं तयार झाली: आपल्या देशाचं नाव लिहिलं. पाठवण्याचं कारण, यापुढे चार चौकोन होते. विक्री, भेट, नमुना, दुरुस्ती. भेटीवर खूण करणार होते, त्यावर शुल्क लागत नाही. पण मग म्हटलं, निदान इथं तरी खरं लिहावं. काका म्हणायचे ना, जुळत नाही असं पातं नसतं, किती झिजवायचं तेवढं ठरवावं लागतं. बोटांना बरं वाटेल तेव्हा बघ तिच्याकडे. आपण दोघींनी तिचं काय केलं हे काकांना सांगायचं असेल तर सांग, मला चालेल. मी येऊन परत नेईन तेव्हा टोकानं कापून बघेन. मी दुरुस्तीवर खूण केली आहे आणि अर्ज घरी आणलाय. सही तेवढी राहिली आहे, ती आता करते.

तारीख देऊ न शकलेली,
तुझीच
ताई